पाणी मारलं होतं का?

2024 च्या लोकसभेच्या प्रचारातली गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळची शाळा सुटली होती, पोरं पांगली होती आणि सभेचं हेलिकॉप्टर उतरायचं म्हणून आमच्या शाळेच्या मैदानावर टँकर उभा होता. मागं पाइप लावून एक विशीतला पोरगा मुरमावर पाणी मारत होता. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा पंखा होतो, तसा पंखा करून तो एका कडेकडून सरकत होता. तापलेल्या मुरमावर पाणी पडलं की आधी चर्र आवाज येतो आणि मग तो वास. त्या वर्षी आमच्याकडे तो वास कित्येक महिन्यांत आला नव्हता. फाटकाशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दोन घागरी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, दोन घागरी द्या की." पोरगा मान वर न करता म्हणाला, "ह्यातलं देता येत न्हाई मावशी, मोजून हाय." ती भांडली नाही, लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. पाणी मारून झालं, पाइप गुंडाळला गेला, तेव्हा टँकरच्या नळाचा जोड ठिबकत होता. ती उठली आणि तिनं त्या ठिबकेखाली घागर धरली. ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत पाव घागर झाली असेल.

मी खांद्याला पर्स लावून तिथंच उभी होते. पोराला काही बोलले नाही, तिलाही नाही.

त्याच्या आठ वर्षं आधी मी असं काही पाहिलं असतं तर टँकरसमोर उभी राहिले असते. 2016 चा उन्हाळा कुणाला आठवत नाही? मिरजेहून 10 डब्यांची रेल्वे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली आणि लोक ती बघायला स्टेशनवर गेले, जत्रेला जावं तसे. त्याच महिन्यात आमच्या तालुक्यात बेलकुंडला एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी हेलिपॅडवर 10 हजार लिटर पाणी मारल्याची बातमी आली आणि ती देशभर गेली. त्या दिवशी मी पेपर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पुढ्यात टाकला आणि नको ते बोलले. "हेच केलंत ना तुम्ही जन्मभर? लोक तहानेनं मरतायत आणि तुम्ही लोक मातीला पाणी पाजता." अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "पाणी मारलं नसतं तर?" आणि उठून अंगणात गेले. मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून उठले.

माझे वडील सरकारी खात्यात मुकादम होते. रस्त्याचं खडीकरण, नळ्यांचे पूल, विश्रामगृहाची डागडुजी, जे पडेल ते काम. पण 'दौरा लागला' की साहेब आधी अण्णांना बोलावायचे. हेलिपॅड आखावं ते अण्णांनीच, अशी त्यांची ख्याती होती. लहानपणी मी त्यांच्यासोबत सायकलवरून जाऊन ते काम कितीदा पाहिलंय. आधी मैदान झाडायचं. काडी, खडा, कॅरीबॅगची चिंधीसुद्धा ठेवायची नाही. "वारा सुटला की चिंधीबी पात्याला जाऊन बसती," म्हणायचे. मग मुरूम टाकायचा, पाणी, रोलर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. मग मधोमध लोखंडी खुंटी ठोकायची, तिला सुतळी बांधायची, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला डबा. डब्याला खिळ्यानं भोक पाडलेलं, आत चुन्याची फक्की. सुतळी ताणून धरत अण्णा उलट्या पावलांनी चालायचे आणि त्यांच्या पायांपुढं पांढरी रेघ उमटत जायची. सुरुवात जिथून केली तिथं रेघ येऊन टेकली की खुंटीजवळ उकिडवे बसून आत इंग्रजी एच काढायचे. इंग्रजीतलं तेवढं एकच अक्षर त्यांना मोत्यासारखं येत होतं. वारं कळावं म्हणून एका कडेला बांबूवर कापडी पिशवी, आणि थोडं ओलं गवत राखून ठेवायचं, आवाज आला की धूर करायला.

आणि मग ते चालायला निघायचे. मैदानाच्या भोवतीनं, बांधावरून, कुणाच्या ज्वारीतून. विजेचे खांब मोजायचे. तार कुठून कुठं जाते, कुठं झोळ पडलाय, कुठल्या शेतकऱ्यानं मोटारीला आकडा टाकलाय, ते सगळं एका वहीच्या पानावर काढून साहेबांना द्यायचे. त्या पानाचं पुढं काय व्हायचं ते त्यांना कधी कळलं नाही.

हेलिकॉप्टर उतरलं की सगळे हाराच्या मागं धावायचे, अण्णा मात्र पाठमोरे होऊन वारा सोसत उभे राहायचे. ते पुन्हा उडालं, आवाज क्षितिजावर विरला, की मग ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. तोवर घोटभरही नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. लहानपणी वाटायचं, शिस्त असेल.

93 सालच्या सप्टेंबरात मी पाचवीत होते. विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण आमच्या घरात किल्लारीची एक गोष्ट आहे, जी अण्णांनी नाही, आईनं सांगितली, तीही फार उशिरा. भूकंपानंतर पाऊस लागला होता. हेलिकॉप्टरं येत होती, उतरायला जागा हवी होती, आणि आखलेला चुना अर्ध्या तासात चिखलात मिसळून जात होता. त्या दिवसांत ट्रकनं पांढरं कापड येत होतं, ते कशासाठी येत होतं ते वेगळं सांगायला नको. अण्णांनी त्यातल्या पट्ट्या फाडून घेतल्या, चिखलावर अंथरल्या, कडेनं दगड ठेवले आणि एच केला. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा नखांत चिखल होता आणि कुणाशी बोलत नव्हते. आई म्हणाली, रात्री झोपेत एकदाच म्हणाले, "कापड परत द्यायचं राहिलं."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेव्हाच्या औरंगाबादला विमान पडलं होतं. 26 एप्रिल 1993, मुंबईला निघालेलं बोइंग. आमच्याकडे ते अजूनही 'गाठींच्या ट्रकचं विमान' म्हणून ओळखलं जातं. धावपट्टीच्या टोकाशी रस्ता, रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला, आणि भर उन्हाचं, भरलेल्या पोटाचं विमान उशिरा उचललेलं. ते ट्रकला घासलं, पुढं जाऊन उच्च दाबाच्या तारांना अडकलं आणि कोसळलं. आत 118 माणसं होती, 55 गेली. पुढच्या चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचं आलंच, पण त्यासोबत हेही आलं की विमान उडायच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवायला हवी होती, ती थांबवली जात नव्हती. गाठींचे ते ट्रक आपण रोज बघतो, दोन्ही बाजूंनी फुगलेले, समोरून आला की सायकलवाल्यानं खाली उतरावं असे. तसला एक ट्रक नेहमीच्या रस्त्यानं नेहमीसारखा चाललेला होता. रस्त्याला फाटक घालायचं काम कुणाचं तरी होतं आणि ते कुणीच केलं नव्हतं. अण्णांनी त्या बातमीचं कात्रण त्यांच्या मोजमापाच्या वहीत ठेवलं होतं. पुढं मी ते उघडून पाहिलं, तर त्यांनी पेन्सिलनं एकाच शब्दाखाली रेघ मारली होती. 'रस्ता'.

मी बारावीला असताना घडलेलं एक प्रकरण आहे. ते मी 2016 च्या त्या भांडणात साफ विसरले होते, याची मला आजही लाज वाटते. एका मोठ्या माणसाचा दौरा होता, मे महिना. अकराला हेलिकॉप्टर येणार होतं. मुरूम, रोलर, चुना सगळं झालं होतं, पण पाण्याचा टँकर आदल्या संध्याकाळी यायचा तो आलाच नाही, डिझेलच्या पावतीवर सही झाली नव्हती म्हणून. तो आला अकराला, आणि हेलिकॉप्टरही अकरालाच. खाली येता येता जी धूळ उठली ती मी घराच्या माळवदावरून पाहिली. तांबूस भिंत उभी राहिली आणि हेलिकॉप्टर तिच्यात शिरून दिसेनासं झालं. नुसता आवाज. मग ते त्या धुळीतून डगमगत वर आलं, गावाला वळसा घातला आणि दुसऱ्यांदा अलगद टेकलं. कुणाला खरचटलंही नाही. मंडपाची ताडपत्री उडाली, हारवाल्यांच्या डोळ्यांत माती गेली, एवढंच. आठव्या दिवशी अण्णांना नोटीस आली. कारणे दाखवा.

अण्णांनी रात्री कंदिलाशी बसून खुलासा लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून सुवाच्य प्रत करायला मला दिला. त्यात एक ओळ होती: 'पाण्याचा टँकर सकाळी अकरा वाजता मैदानावर आला.' दुसऱ्या दिवशी अण्णा कागद घेऊन परत आले, ती ओळ लाल शाईनं कापलेली होती. वरच्यांनी सांगितलं होतं, एवढं नको, नुसतं 'नजरचुकीने झाले' असं लिहा. मी पुन्हा प्रत केली. ती ओळ सोडून, ठळक, वळणदार अक्षरात. एक वेतनवाढ थांबली. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत आणि माझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून मीही विचारलं नाही.

मग 25 मे 2017. निलंगा. मी सुट्टीसाठी माहेरी आले होते, पोळ्या लाटत होते. दुपारी बाराच्या सुमाराला टीव्हीवर पट्टी आली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हेलिकॉप्टरला अपघात. उड्डाण घेतलं, वर गेलं आणि परत खाली आलं, तारांत अडकलं, घरांच्या जवळ, ट्रकच्या शेजारी पडलं. आतले सहाही जण सुखरूप. टीव्हीवर तुटलेली शेपटी, लोंबणाऱ्या तारा आणि जमलेली माणसं दिसत होती. गल्लीतले सगळे आमच्या टीव्हीसमोर. कुणी म्हणालं देवाची कृपा, कुणी म्हणालं पायलटची चूक, कुणी म्हणालं घातपात असणार. वाऱ्याची दिशा बदलली म्हणून वैमानिकानं उतरायचं ठरवलं आणि उतरताना तारांत अडकलं, असं दिवसभरात सांगितलं गेलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेले अण्णा पलंगावर उठून बसले होते. त्यांनी कुणाची चूक हे विचारलंच नाही. आधी म्हणाले, "पाणी मारलं होतं का?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे बघून, "तारा कुणी मोजल्या?"

त्या प्रश्नांनी मला पछाडलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. हवा तापली की पसरते, विरळ होते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण त्याचा अर्थ आमच्या मे महिन्यात काय होतो, हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नीट समजून घेतलं. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर राहतं. हवाच पातळ, तर तेवढ्याच वजनाला जास्त जोर लावावा लागतो. आमचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच, त्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, म्हणजे यंत्राला ते आणखी उंच डोंगरावर असल्यासारखंच. जमिनीच्या अगदी जवळ असताना ढकललेली हवा खालून उशीसारखी आधार देते. पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाएवढी उंची गाठली, की ती उशी सुटते. निलंग्याच्या त्या सिकोर्स्की जातीच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा हा व्यास साडेतेरा मीटरच्या आसपास, पूर्ण भरलेलं वजन 5,300 किलो. एवढा भार त्या उशीवरून उचलून पातळ हवेत न्यायचा असतो, भर बाराच्या उन्हात. म्हणून आत किती माणसं बसली, किती बॅगा, किती इंधन, हे किलोकिलोनं मोजावं लागतं. आणि उतरताना तीच ढकललेली हवा जमिनीवर आपटून चहूकडे धावते, सुटी माती उचलते आणि फिरून वर आणते. काचेपुढं तांबडा पडदा. जमीन किती खाली आहे, आपण डावीकडे सरकतोय की उजवीकडे, काही कळत नाही. अनुभवी वैमानिकांनाही त्या काही सेकंदांचं भय असतं. ओल्या मुरमावर तो पडदा उठत नाही.

दहा हजार लिटर. मी अंगणात जाऊन अण्णांच्या शेजारी बसले. बोलता मात्र आलं नाही.

निलंग्याचा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे गेला. तेव्हापासून मला अशा तपासांचे अहवाल वाचायची सवय लागली. कुणालाही विचित्र वाटेल, पण इंटरनेटवर ते सगळ्यांना खुले असतात आणि मला त्यांच्यात अण्णांची वही दिसते. महिनाभरात प्राथमिक अहवाल, मग अंतिम. त्यात ऊन किती होतं ते असतं, वारा कुठून, वजन किती, इंधनाचा नमुना, वैमानिकानं आदल्या रात्री किती विश्रांती घेतली, ते सगळं. पात्यानं जमिनीत कुठं चर पाडला, तो किती लांब, तारेचा कुठला तुकडा कुठं सापडला, ते टेपनं मोजून नकाशावर काढलेलं. नारिंगी रंगाच्या त्या 'ब्लॅक बॉक्स'मधून शेवटचे शब्द ऐकून लिहिलेले. वैमानिकांची नावं नसतात. आणि सुरुवातीलाच छापलेलं असतं की या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं एवढाच आहे, दोष किंवा जबाबदारी कुणाच्या माथी मारणं नाही. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 13 व्या परिशिष्टातच तसं आहे, आपल्या देशाच्या नियमांतही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. माणसं मरतात आणि दोष कुणाचाच नाही, असं कसं? 55 माणसांच्या घरच्यांना जाऊन हे वाक्य कोण ऐकवणार? आजही ते मला पूर्ण पचत नाही. दोषी शोधायला पोलीस आहेत, न्यायालयं आहेत, हे खरं. तरी आतून काहीतरी ओरडतंच.

पण दहा-बारा अहवाल वाचल्यावर एक गोष्ट दिसली. एका अहवालात पानाच्या मधोमध साधं वाक्य होतं, उतरण्याच्या जागेवर पुरेसं पाणी मारलेलं नव्हतं, असं. त्यापुढं का मारलेलं नव्हतं, पाणी कुणी द्यायचं, कधी द्यायचं, आणि पुढच्या वेळी ते वेळेत मिळावं म्हणून काय करावं. अण्णांची ओळ! लाल शाईनं कापलेली, मी माझ्या सुंदर अक्षरात गाळलेली ती ओळ इथं छापलेली होती. शिक्षा कुणालाच नव्हती, म्हणून कुणालाच ती कापायची गरज पडली नव्हती. 'कारणे दाखवा' म्हणून आमच्या घरी कागद आला होता, पण कारण कुणालाच बघायचं नव्हतं. तो अहवाल मी अण्णांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "छापलंय व्हय?"

3 मे 2024 ला, आमच्याकडच्या मतदानाच्या चार दिवस आधी, महाडचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडलं. त्या आत नव्हत्या, दोघं वैमानिक वाचले. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "थांबव इथं." मी थांबवलं. "बघ धूळ." खरोखरच लोट उठले होते आणि त्यात ते यंत्र हेलकावत होतं. का कलंडलं ते तपासात ठरतं, व्हिडिओ बघून नाही, हे मला आता कळतं आणि अण्णांना तर कधीपासून कळत होतं. ते फक्त धुळीकडे बोट दाखवून गप्प बसले. मग मी त्यांना आमच्या मैदानावरच्या टँकरचं सांगितलं. त्या बाईचंही. घागरीचं, ठिबकणाऱ्या नळाचं. मी बोलले नाही, हेही. पोरगा म्हणाला मोजून हाय, तेही खरं होतं आणि तिची घागर रिकामी होती, तेही. मला कुणाच्या बाजूनं बोलावं कळेना, असं म्हणताना माझा आवाज चिरकला. अण्णांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. "दोन टँकर मागायचे असत्यात माय," ते म्हणाले. "एक मातीला, एक माणसाला. मी दरवेळी लिवायचो दोन. मिळायचा एक."

हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

ऊन उतरल्यावर ते म्हणाले, मैदान दाखव. गुडघे गेलेत, काठी लागते, तरी निघाले. सभा होऊन आठवडा होत आला होता. चुन्याचं वर्तुळ अजून ओळखू येत होतं, एचचा एक पाय पोरांच्या क्रिकेटनं पुसला होता. अण्णा मधोमध गेले, काठी मला धरायला दिली आणि सावकाश खाली बसले. खुंटीचं भोक त्यांनी बोटानं चाचपलं. मग मुठीएवढा मुरूम उकरला, तळहातावर घेतला, दाबला. तो पिठासारखा सुटला. "वरवर मारलं होतं," म्हणाले. "आतपर्यंत गेलंच न्हाई." फुंकर मारली, तशी तांबूस धूळ माझ्या साडीवर आली.

उठले आणि फाटकाकडे न वळता बांधाकडे चालू लागले. मी कोपराला धरलं. ते काठीनं एकेक खांब दाखवत मोजत होते, ओठ हलत होते. पिठाच्या गिरणीमागं येऊन थांबले. तिथं एक सिमेंटचा खांब होता, वरची तार नवी, चकचकीत, मैदानाच्या कोपऱ्यावरून तिरकी गेलेली.

"ह्यो नवा दिसतोय," अण्णा म्हणाले. "ह्यो लिवून दिला होता का कुणी?"